सामान्यनाम, विशेषनाम आणि आपण

१

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. पहिल्या वर्षाच्या वर्गाला दरवर्षी नामाचे प्रकार नव्याने सांगावे लागतात. कॉमन नाउन म्हणजे सामान्यनाम, प्रॉपर नाउन म्हणजे विशेषनाम, कलेक्टिव्ह नाउन म्हणजे समूहवाचक नाम. फळ्यावर तीन रकाने आखायचे. एकात 'मुलगा', 'नदी', 'गाव'. दुसऱ्यात 'गोदावरी', 'नांदेड' आणि समोर बसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याचे नाव. तिसऱ्यात 'कळप', 'सैन्य', 'टोळी'. मुले उतरवून घेतात, परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न येतो आणि विषय संपतो.

गेल्या वर्षी तो संपला नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारले, "सर, 'दलित' हे कोणतं नाम?" वर्गात थोडे हसू झाले. काही मुलांनी माना खाली घातल्या. ती मुले कोण, हे मला ओळखता येते, कारण माझ्या विद्यार्थिदशेत मीही अशीच मान खाली घालत असे. मी उत्तर दिले, "मुळात विशेषण आहे, नामासारखे वापरतात." उत्तर चुकीचे नव्हते. पण ती पळवाट होती, हे माझे मला कळत होते. त्या मुलीला व्याकरणाची कोटी नको होती. आपल्याला ज्या शब्दाने ओळखतात तो शब्द कोणत्या रकान्यात बसतो आणि त्या रकान्यात आपल्याला कोणी बसवले, हे तिला हवे होते.

त्या दिवसापासून मी या तीन रकान्यांचा इतिहास शोधू लागलो. व्याकरण हे तटस्थ शास्त्र आहे, ते कोणाची बाजू घेत नाही, असे आपण समजत आलो आहोत. शास्त्र म्हणून ते खरेही आहे. परंतु व्याकरणकार उदाहरणे देतो ती त्याच्या समाजातून देतो. शब्दाचा प्रकार व्याकरण सांगते. पण कोणत्या माणसाला विशेषनाम मिळायचे आणि कोणाला सामान्यनामावर भागवायचे, हे समाज ठरवतो. या लेखात मला एवढेच दाखवायचे आहे.

२

इंग्रजी व्याकरणाचे हे वर्गीकरण इंग्रजांचे नाही. ते ग्रीकांकडून रोमनांकडे आणि रोमनांकडून इंग्रजांकडे आले. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात स्टोइक पंथाच्या क्रिसिपसने एका व्यक्तीचे नाव आणि अनेकांना लागू पडणारे नाव या दोन वेगळ्या शब्दजाती मानल्या. पुढे इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातील अलेक्झांड्रियाच्या परंपरेतला वैयाकरण डायोनिसियस थ्रॅक्स याच्या नावावर जे छोटे व्याकरण चालत आले आहे, त्यात या दोहोंना एकाच नामाचे पोटप्रकार केले आहे. विशेषनामाची तिथली उदाहरणे आहेत होमर आणि सॉक्रेटिस. सामान्यनामाची उदाहरणे आहेत माणूस आणि घोडा. विशेषनामासाठी ग्रीक शब्द होता 'किरिऑन'. ज्या 'किरिऑस' शब्दाचा अर्थ धनी, अधिकार असलेला असा होतो, त्याचेच हे रूप. व्याकरणात त्याचा अर्थ 'मुख्य, खरे नाव' एवढाच असला, तरी खरे नाव आणि धनीपण या दोन कल्पना एकाच धातूतून आल्या, ही गोष्ट नजरेआड करण्यासारखी नाही.

त्याच पुस्तकात समूहवाचक नामही सांगितले आहे: जे एकवचनात असून अनेकांचा बोध करते ते. त्याची उदाहरणे तीन आहेत. देमोस म्हणजे लोक, खोरोस म्हणजे गायकनर्तकांचा समूह आणि ओख्लोस म्हणजे जमाव. यातल्या देमोस शब्दापासूनच पुढे 'डेमॉक्रसी' हा शब्द आला. म्हणजे लोकशाही हा शब्दच मुळात एका समूहवाचक नामावर उभा आहे. परंतु अथेन्सच्या देमोसमध्ये गुलाम नव्हते, स्त्रिया नव्हत्या, परगावाहून येऊन वसलेले कारागीर नव्हते. समूहवाचक नाम एकवचनी असल्यामुळे ते सगळ्यांना कवेत घेते असे वाटते. आत कोण आहे आणि बाहेर कोण आहे, हे शब्दावरून कळत नाही. ते इतिहासाला विचारावे लागते.

रोमन समाजात हा प्रश्न अधिक उघडा आहे. स्वतंत्र रोमन पुरुषाचे नाव पुढच्या काळात तिपदरी झाले: स्वतःचे, कुळाचे आणि शाखेचे. जुन्या काळी गुलामाला यातले काहीच नव्हते. मार्कसचा गुलाम तो 'मार्किपोर', म्हणजे मार्कसचा पोरगा. ल्युसियसचा तो 'ल्युकिपोर'. यातला 'पोर' म्हणजे लॅटिनमधला 'पुएर', मुलगा. ही जुनी पद्धत इ.स.च्या पहिल्या शतकातील क्विंटिलियनने नोंदवून ठेवली आहे. धन्याचे विशेषनाम अधिक एक सामान्यनाम, बेरीज गुलाम. गुलाम साठ वर्षांचा झाला तरी तो 'पोरगा'च राहिला. आपल्याकडे साहेबाच्या बंगल्यावर पिकल्या केसांचा नोकरही 'बॉय'च असे. अमेरिकेच्या दक्षिणेत आणि दक्षिण आफ्रिकेत काळ्या पुरुषाला 'बॉय' म्हणूनच हाक मारीत. भाषा बदलली, खंड बदलले, पण युक्ती तीच राहिली.

लॅटिन व्याकरणाचा सर्वांत मोठा ग्रंथ प्रिस्कियन याने इ.स. ५०० च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपल येथे लिहिला. त्याने समूहवाचक नामाची उदाहरणे दिली आहेत 'पोप्युलस' आणि 'प्लेब्स'. पोप्युलस म्हणजे प्रजा. प्लेब्स म्हणजे रोममधला उमरावेतर वर्ग, ज्याला सुरुवातीला मोठ्या अधिकारपदांवर बसता येत नव्हते. याच प्लेब्सने परंपरेनुसार इ.स.पूर्व ४९४ मध्ये शहर सोडून टेकडीवर जाऊन बसण्याचा मार्ग धरला आणि स्वतःचे प्रतिनिधी निवडण्याचा हक्क मिळवला. व्याकरणातला एक निर्जीव शब्द इतिहासात शहराबाहेर चालत गेला होता. प्रिस्कियन मध्ययुगात युरोपभर शिकवला गेला. पण हे उदाहरण पाठ करणाऱ्या किती मुलांना ही गोष्ट कोणी सांगितली असेल?

३

इंग्लंडमध्ये शतकानुशतके 'व्याकरण' म्हणजे लॅटिन व्याकरण. विल्यम लिली याच्या नावाचे व्याकरण आठव्या हेन्रीच्या काळात, १५४० च्या दशकात, राजाज्ञेने शाळांना लावले गेले. इंग्रजी भाषेचे पहिले छापील व्याकरण विल्यम बुलोकरने १५८६ मध्ये काढले, तेही लॅटिनच्या साच्यावर. 'प्रॉपर' हा शब्द लॅटिन 'प्रोप्रियम'वरून आला. त्याचा अर्थ 'स्वतःचे, मालकीचे'. 'प्रॉपर्टी' हा शब्द त्याच घरातला. प्रॉपर नाउन म्हणजे आपल्या मालकीचे नाव. ज्याच्या मालकीचे स्वतःचे शरीरही नाही त्याच्या मालकीचे नाव तरी कसे असणार, हा प्रश्न व्याकरणाच्या पुस्तकात येत नाही.

समूहवाचक नामांची इंग्रजीतली जी लांबलचक यादी आपली मुले पाठ करतात, तिचा एक मोठा भाग उमरावांच्या शिकारीतून आला आहे. १४८६ मध्ये सेंट ऑल्बन्स येथे छापलेल्या, ससाणे आणि शिकार यांवरील पुस्तकात सिंहांच्या समूहाला काय म्हणावे, हरणांच्या कळपाला काय म्हणावे याची यादी आहे. सभ्य गृहस्थाने चुकीचा शब्द वापरू नये, नाहीतर त्याचे कुळ उघडे पडेल, असा त्यामागचा भाव. त्याच यादीत जनावरांबरोबर धंदेवाल्या माणसांचेही समूह घातले आहेत. जोडे शिवणाऱ्यांच्या समूहाला तिथे दिलेला शब्द दारूच्या नशेवरून बनवला आहे. अर्थात हा विनोद होता. पण विनोद कोणाचा आणि कोणावर, हे आपल्या लोकांना सांगायला नको. चामड्याचे काम करणाऱ्या माणसाविषयीचा असा विनोद आपण मराठी म्हणींतही ऐकलेला आहे.

इंग्रजीत विशेषनामाला पहिले अक्षर मोठे काढतात. हा नियमही सनातन नाही. सतराव्या आणि अठराव्या शतकाच्या छपाईत इंग्रजीत सामान्यनामांनाही मोठी अक्षरे देण्याची रीत होती. जर्मन भाषेत आजही सर्व नामांना मोठे अक्षर मिळते. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत ती रीत मागे पडली आणि मोठे अक्षर विशेषनामांकडे राहिले. यानंतर मोठे अक्षर ही एक प्रतिष्ठा झाली. आणि जिथे प्रतिष्ठा आली, तिथे ती कोणाला मिळणार हा झगडाही आला.

४

हा झगडा सर्वांत स्पष्ट दिसतो तो अमेरिकेत. तिथे १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. मालकाचे नाव लिहायचे आणि त्याखाली त्याचे गुलाम: वय, स्त्री की पुरुष, रंग. नावाच्या जागी आकडा. गुलामांची नावे लिहावीत असा मूळचा बेत होता. दक्षिणेच्या सिनेटरांनी तो हाणून पाडला. नाव लिहिले की आई कोण, लेकरू कोण, कोणाला कुठे विकले, याचा माग राहतो. आकड्याचा माग राहत नाही. बहुतेक सर्व गुलाम त्या तक्त्यांत केवळ सामान्यनाम म्हणून शिल्लक आहेत. यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली आणि १८७० च्या जनगणनेत या माणसांची नावे प्रथमच सर्रास सरकारी कागदावर आली.

बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या १९०१ च्या आत्मचरित्रात याच काळातला एक प्रसंग आहे. गुलामगिरीतून सुटलेला हा मुलगा शाळेत गेला तेव्हा हजेरीच्या वेळी त्याच्या लक्षात आले की इतर मुलांना दोन दोन नावे आहेत आणि आपल्याला एकच. मास्तरांनी पूर्ण नाव विचारले तेव्हा त्याने जागच्या जागी आपले आडनाव 'वॉशिंग्टन' म्हणून सांगितले. आपल्यापैकी ज्यांच्या घरातून पहिला मुलगा शाळेत गेला, त्यांना हा प्रसंग परका वाटणार नाही. गावाच्या नावाला 'कर' लावून शाळेच्या दारात बनलेली आडनावे आपल्याकडे घरोघर आहेत.

नाव मिळाले तरी अक्षर मिळाले नव्हते. 'निग्रो' हा शब्द वर्तमानपत्रे लहान अक्षराने छापत. फ्रेंच, जर्मन, आयरिश या लोकसमूहांना मोठे अक्षर. निग्रो मात्र सामान्यनाम. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी १८९९ च्या फिलाडेल्फियाविषयीच्या आपल्या अभ्यासग्रंथात हा शब्द मोठ्या अक्षराने छापण्याचा आग्रह धरला आणि नंतरही तो सोडला नाही. अखेर ७ मार्च १९३० रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने यापुढे हे अक्षर मोठे छापण्याचे जाहीर केले. पुढे तो शब्दही त्या समाजाने टाकून दिला आणि 'ब्लॅक' हा शब्द अभिमानाने घेतला. त्या शब्दाला मोठे अक्षर मिळायला २०२० साल उजाडले. एका अक्षराच्या उंचीसाठी एवढा काळ लढावे लागते काय, असे कोणी विचारील. ज्यांना ते अक्षर जन्मतःच मिळाले त्यांनाच हा प्रश्न सुचतो.

५

आता आपल्या घराकडे वळू. देवनागरीत मोठी आणि लहान अक्षरे नाहीत. तेव्हा मराठीत असा झगडा उद्भवण्याचे कारण नाही, असे वरवर वाटेल. परंतु मराठीचे मोठे अक्षर वेगळ्या ठिकाणी आहे. ते क्रियापदात आहे. 'धोंडोपंत आले' आणि 'धोंड्या आला' ही दोन वाक्ये पाहा. दोन्ही ठिकाणी माणूस एकच आहे, पण एकाला आदरार्थी बहुवचन मिळाले आणि दुसऱ्याला मिळाले नाही. नावाचा दोष नाही. धोंडो हे नाव महर्षी कर्व्यांचेही होते. मूल जगत नसले की दगडधोंड्याचे, कचऱ्याचे नाव ठेवायचे, म्हणजे मृत्यूची दृष्ट लागत नाही, ही समजूत सर्व जातींत होती. फरक पडला तो पुढच्या प्रत्ययाने. एका घरात त्याच नावाला 'पंत' लागले, दुसऱ्या घरात 'या'.

माझ्या आजोबांना गावात वयाच्या सत्तराव्या वर्षीही 'या' लावूनच हाक मारीत. हाक मारणारा कधी कधी दहा वर्षांचा असे. आजीला तर तेवढेही नाव नव्हते. गावाला ती जातीच्या नावाने ठाऊक होती. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली, तेव्हा हजेरीपटावर कारकुनाने तिचे नाव लिहिले आणि तिने त्यासमोर अंगठा उठवला. आपले नाव कागदावर चढलेले तिने तेव्हा प्रथम पाहिले, असे ती सांगायची. वाचता येत नव्हते. पण तो डाग आपल्या नावाचा आहे एवढे तिला कळत होते. त्या नावावर मजुरी मिळत होती. दुष्काळाच्या कामावर दिवसभर तिला मुकादमाने 'गँग'मध्ये मोजले आणि आठवड्याच्या शेवटी विशेषनाम म्हणून पगार दिला. माझ्या घराण्याचा लेखी इतिहास तिथून सुरू होतो.

ही स्थिती केवळ गावाच्या दांडगाईने आलेली नव्हती. तिच्या मागे शास्त्र होते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा नियम आहे. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे निंदावाचक असावे. शूद्राच्या नावाच्या उत्तरार्धात सेवकपण दिसावे. मार्किपोरची रोमन रीत आणि हा नियम शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे जाळले गेले, त्यात हा नियमही जळाला.

संस्कृत व्याकरणशास्त्र स्वतः याहून सूक्ष्म होते, हे मान्य केले पाहिजे. पतंजलीने महाभाष्यात शब्दांचे चार वर्ग सांगितले: जातिशब्द, गुणशब्द, क्रियाशब्द आणि यदृच्छाशब्द. यदृच्छाशब्द म्हणजे मनाला येईल तसे ठेवलेले नाव. त्याचे उदाहरण 'डित्थ'. गाय हा जातिशब्द. इथे 'जाति'चा अर्थ वर्ग असा आहे, हे मी जाणतो. हिंदीच्या व्याकरणात आजही सामान्यनामाला 'जातिवाचक संज्ञा' आणि विशेषनामाला 'व्यक्तिवाचक संज्ञा' म्हणतात. मराठी व्याकरणकारांनी 'सामान्यनाम' आणि 'विशेषनाम' हे शब्द चालवले. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये आले आणि तेव्हापासून इंग्रजी व्याकरणाचा साचा आपल्या शाळेत रुजत गेला. पण गावाच्या व्यवहारात हिंदीचाच शब्द अक्षरशः खरा होता. आमच्यासाठी सामान्यनाम हे जातिवाचक नामच होते आणि व्यक्तिवाचक नाम आम्हाला नव्हते.

आजही हे संपलेले नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. उचल कोयत्याला मिळते, टोळी कोयत्यांनी मोजतात. दोन जिवंत माणसे मिळून एका हत्याराचे सामान्यनाम होतात आणि त्यातल्या बाईचे नाव हिशेबात सहसा येतच नाही. तो प्रश्न विचारणारी मुलगी अशाच एका कोयत्याची मुलगी आहे.

६

विशेषनाम नाकारणे हा एक अन्याय. समूहवाचक नाम लादणे हा दुसरा. इंग्रजी राज्याने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात 'ट्राइब', 'गँग' आणि 'क्लास' असे तीन शब्द योजले होते. हे तिन्ही शब्द आपल्या व्याकरणाच्या पुस्तकात समूहवाचक नामांच्या यादीत सापडतात. सरकारने एखाद्या समूहाचे नाव जाहीर केले की त्या नावात जन्मलेला प्रत्येक जण संशयित. गुन्हा व्यक्तीचा असतो हे न्यायाचे मूलतत्त्व. इथे गुन्हा समूहवाचक नामाला चिकटवला गेला. नाव नोंदवावे लागे, हजेरी द्यावी लागे. म्हणजे या माणसांना विशेषनाम दिले गेले ते पोलिसांच्या रजिस्टरात. १९११ नंतर हा कायदा देशभर लावता येऊ लागला आणि तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. कायदा गेला, तरी पाथरवट, पारधी, कैकाडी वस्तीवर चोरीनंतर पहिली धाड पडते ती त्याच जुन्या व्याकरणाने.

तिसरा प्रकार दयेचा आहे. अस्पृश्यांना 'हरिजन' म्हणावे असे गांधीजींनी ठरवले आणि जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांच्या दुरुस्ती विधेयकातून तो शब्द कायद्यात आणण्याचा प्रयत्न झाला. बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद यांनी त्याला विरोध केला आणि ते सभागृहातून बाहेर पडले. शब्द गोड होता. प्रश्न शब्दाच्या गोडीचा नव्हताच. ज्यांचे नाव आहे त्यांना विचारले का, एवढाच होता. बाबासाहेबांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या धर्मांतरविषयक लेखनातही नावाचा विचार आहे. गुलाबाला दुसरे नाव दिले तरी वास तोच, हा शेक्सपियरचा मुद्दा त्यांनी तिथे तपासला आहे. फुलाबाबत तो ठीक असेल. माणसाशी समाज कसा वागणार, हे मात्र नावच ठरवते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. मी वर्गात शेक्सपियर शिकवतो तेव्हा ही दुसरी बाजूही सांगतो.

'दलित' हा शब्द या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. १९७२ मध्ये दलित पँथरची स्थापना झाली. तिच्या जाहीरनाम्याने अनुसूचित जातिजमातींबरोबर नवबौद्ध, कष्टकरी, भूमिहीन आणि स्त्रिया यांनाही या शब्दात घेतले. व्याकरणाच्या दृष्टीने 'दलित' म्हणजे दळलेला, भरडलेला. म्हणजे विशेषण, तेही कर्मणि अर्थाचे. भरडणारा कर्ता त्यात बोलून दाखवलेला नाही, पण तो गृहीत आहे. हेच या शब्दाचे बळ. 'हरिजन' शब्दात कर्ता लपतो. 'अनुसूचित' शब्दात सरकारची यादी दिसते. 'दलित' म्हटले की कोणी दळले, हा प्रश्न उभा राहतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने वृत्तवाहिन्यांना हा शब्द टाळण्याची सूचना केली. कायद्याच्या कागदावर 'अनुसूचित जाती' हाच शब्द योग्य, हे समजू शकते. पण एखाद्या समाजाने स्वतः निवडलेले नाव बाजारात आणि वर्तमानपत्रात वापरू नये, असे इतरांनी सांगणे म्हणजे पुन्हा तेच.

७

मराठवाड्यातल्या माणसाला विशेषनामाची किंमत पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर गावोगाव आमच्या वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे मारले गेले. पुढे पंधरा वर्षे मोर्चे, तुरुंग, लाठ्या. १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला आणि 'मराठवाडा'च्या आधी बाबासाहेबांचे नाव लागले. तेव्हा काही सुशिक्षित लोक म्हणत होते की नावात काय आहे, पोटाचे प्रश्न महत्त्वाचे आहेत. नावात काही नसते, तर घरे कशासाठी जाळली? ज्यांनी जाळली त्यांना विशेषनामाचा अर्थ नीट कळला होता. माझी पदवी त्या नावाच्या विद्यापीठाची आहे. घराण्यातली पहिली पदवी. तिच्यावर माझे विशेषनाम आहे आणि त्याच्या वर बाबासाहेबांचे.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा ही नावे जाऊन समतानगर, भीमनगर अशी नावे यावीत. निर्णय चांगला आहे. पण पाटी बदलली म्हणून पाणवठा बदलतो असे नाही, हेही आपण जाणतो. नाव बदलणे ही लढाईची सुरुवात आहे. तिला शेवट समजले की आपली फसगत होते.

आणि एक गोष्ट आपल्या घरातल्यांसाठी. इंग्रजीत समूहवाचक नामाचा एक नियम आहे. समूह एका विचाराने वागत असेल तर क्रियापद एकवचनी: समितीने निर्णय घेतला 'आहे'. समूहात फाटाफूट असेल तर क्रियापद अनेकवचनी: समितीचे सभासद दुभंगले 'आहेत'. मराठीत 'समिती' नेहमी एकवचनीच राहते, त्यामुळे आपली फाटाफूट व्याकरणाआड झाकली जाते. रिपब्लिकन पक्षाच्या १९५७ च्या स्थापनेनंतरचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी आपल्या समूहवाचक नामाला आज कोणते क्रियापद लावावे याचा प्रामाणिक विचार करावा. 'आम्ही दलित' असे म्हणताना त्यात मातंग येतो का, मेहतर येतो का, पारधी येतो का? आमच्या आयाबहिणींना त्यात त्यांच्या स्वतःच्या नावाने जागा आहे का, की त्या 'अमक्याची बायको' म्हणूनच येतात? अथेन्सच्या देमोसवर बोट ठेवणाऱ्याने आपलाही देमोस तपासला पाहिजे.

त्या मुलीला मी आज असे उत्तर देईन. 'दलित' हे मुळात विशेषण. इतरांनी आपल्याला जातीची सामान्यनामे दिली, सरकारने समूहवाचक नामे दिली. हे नाव आपल्या लोकांनी आपल्यासाठी घेतले. म्हणून इंग्रजीत लिहिताना त्याचे पहिले अक्षर मोठे काढ आणि कोणी लहान केले तर का केले ते विचार. आणि हे नाव आपल्याला एकत्र आणण्यासाठी आहे. तुझे स्वतःचे नाव पुसण्यासाठी नाही. एक दिवस या नावाची गरज उरणार नाही, त्यासाठीच ते घेतले आहे.

पुढच्या वर्षी हाच धडा पुन्हा येईल. फळ्यावर मी नेहमीप्रमाणे तीन रकाने आखीन. त्यांच्या शेजारी एक चौथा रकाना आखणार आहे: 'हे नाव कोणी ठेवले?' परीक्षेत त्याला गुण नाहीत. मुलांनी तो भरावा, एवढीच अपेक्षा आहे.